पंढरपूरचा खून आणि वाचकांचा निवाडा

इ.स. १८१५ च्या जुलै महिन्यात, आषाढी यात्रेच्या दिवसांत, बडोद्याचे मुत्सद्दी गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. ते गायकवाडांचे मुतालिक होते, पेशव्यांच्या दरबारी वकील म्हणून आले होते आणि त्यांच्या जीविताची हमी ईस्ट इंडिया कंपनीने घेतली होती. आरोप आला तो दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांच्यावर. त्र्यंबकजींना त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्रजांच्या ताब्यात देण्यात आले. ते ठाण्याच्या किल्ल्यात राहिले, तेथून निसटले, पुन्हा पकडले गेले आणि गंगाकाठच्या चुनारच्या किल्ल्यात कैदेतच वारले. या सगळ्या काळात कोणत्याही न्यायासनासमोर त्यांची चौकशी झाली नाही. साक्षीदारांची उलटतपासणी झाली नाही, आरोपीचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही. निकाल मात्र लागला, आणि तो लागला तहनाम्यात. १३ जून १८१७ च्या पुणे तहाच्या पहिल्याच कलमात त्र्यंबकजींनी शास्त्र्यांचा खून केला हे सिद्ध झालेली गोष्ट म्हणून नोंदले गेले आणि पेशव्याकडून त्यावर मान्यता घेण्यात आली. प्रांत, किल्ले आणि सार्वभौमत्वाचे उरलेसुरले अवशेष ज्या दस्तऐवजाने गेले, त्याच दस्तऐवजात एका खुनाचा निवाडाही असावा, ही घटना साहित्याच्या अभ्यासकाने इतिहासकारावर सोपवून मोकळे होण्यासारखी नाही. कारण खटला चाललाच नाही म्हटल्यावर या खुनाचे जे काही झाले ते संहितांमध्ये झाले, आणि संहितांचा निवाडा वाचक करतात.

‘सत्य गुन्हेकथा’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी आणि साप्ताहिकांतल्या सनसनाटी मालिका यांच्याशी जोडला गेला आहे. त्यामुळे गंभीर समीक्षा त्याच्याकडे फिरकत नाही. वास्तविक ज्या खुनाचा तपास पुरा झाला नाही त्यावरचे पुस्तक वाचकाला एका वेगळ्याच भूमिकेत नेऊन बसवते. त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९६६ मध्ये गुन्हेकथेचे वर्गीकरण करताना दाखवून दिले होते की रहस्यकथेत दोन कथा असतात: एक घडून गेलेल्या गुन्ह्याची आणि दुसरी त्याच्या तपासाची. पहिली कथा दुसरीच्या शेवटी उलगडते. न उलगडलेल्या खऱ्या खुनात ही दुसरी कथा लेखकाच्या हातून पुरी होतच नाही. ती पुरी करण्याचे काम वाचकाकडे येते, आणि वाचक ते आपल्या जवळच्या सामग्रीतून पुरे करतो: आपल्या जातीच्या स्मृतीतून, प्रदेशाच्या अभिमानातून, शाळेत शिकलेल्या इतिहासातून. वाचनसिद्धान्तात ज्याला ‘अपेक्षांचे क्षितिज’ म्हणतात ते इथे अमूर्त राहत नाही, थेट फाशी देते किंवा निर्दोष सोडते.

या खुनाचा पहिला वाचक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुण्याचा हा रेसिडेंट खुनाच्या वेळी वेरूळची लेणी पाहायला गेला होता. पंढरपुरात काय घडले ते त्याने पाहिले नाही, वाचले आणि ऐकले. शास्त्र्यांच्या सोबतच्यांची हकिकत, बातमीदारांची पत्रे, बाजारातली कुजबूज यांतून त्याने घटना जुळवली आणि पुढे ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात तीच जवळजवळ कादंबरीच्या बांधणीने मांडली. शास्त्र्यांच्या अंगात ताप होता. देवळात येण्याचे निमंत्रण त्यांनी आधी नाकारले. त्र्यंबकजींकडून पुन्हा पुन्हा माणसे आली तेव्हा ते थोड्या लोकांनिशी, हत्यारांवाचून निघाले. वाटेत गर्दीतल्या कोणी तरी, यांतला शास्त्री कोणता, असे विचारले आणि दुसऱ्याने गळ्यातल्या माळेची खूण सांगितली. ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटले नाही. शास्त्र्यांनी दर्शन घेतले, त्र्यंबकजींशी चार शब्द बोलले आणि ते परत निघाले. मागून वाट मोकळी करा असे ओरडत धावत आलेल्या माणसांनी त्यांना तोडले.

यातील माळेचा तपशील पाहा. तो जबानीत येईल तसा कोरडाच आला आहे, पण त्याचे काम कथनाचे आहे. तो वाचकाला शास्त्र्यांपेक्षा एक पाऊल पुढे ठेवतो. पुढे काय होणार ते आपल्याला कळते, त्यांना कळत नाही. मारेकरी शास्त्र्यांना ओळखत नव्हते, म्हणजे ते भाडोत्री होते, म्हणजे कोणीतरी पाठवलेले होते, हे अनुमानही हा तपशील न सांगता करून देतो. इतके झाल्यावर ‘कोणी पाठवले’ याचे उत्तर वाचक स्वतःच देतो, कारण निमंत्रण धाडणारा कोण ते दोन वाक्ये आधीच आलेले असते. मी ग्रँट डफवर बनावटीचा आरोप करीत नाही. तपशील खरा असेल. पण खऱ्या तपशिलांची मांडणीसुद्धा निवाडा देते, हे समजून घ्यायला या उताऱ्याइतके चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. फिर्यादी पक्षाचा एल्फिन्स्टन १८१८ नंतर जिंकलेल्या दख्खनचा कमिशनर झाला. त्याच्या हाताखाली ग्रँट डफ साताऱ्यास होता आणि खानदेशाचा कारभार कॅप्टन ब्रिग्ज पाहत होता. म्हणजे आरोप करणारे, आरोपीला पकडणारे आणि पुढे इतिहास लिहिणारे एकाच मंडळीतले होते, एकमेकांना पत्रे लिहिणारे आणि एकमेकांची टिपणे वापरणारे. सगळ्यांनी मिळून कट केला, असा याचा अर्थ नव्हे. एकाच वाचकवर्गाने संहिता तयार केली आणि पहिल्यांदा वाचलीही, एवढाच. त्या वर्गाच्या राजकीय सोयीचा ठसा निवाड्याच्या आकारातच दिसतो. त्र्यंबकजी हा बाजीरावाच्या मर्जीतला माणूस. धन्याच्या नकळत त्याने एवढे धाडस केले असेल, असे तेव्हाही फारसे कोणी मानीत नव्हते. तरी एल्फिन्स्टनने पेशव्याला बाजूला ठेवून आरोप एकट्या त्र्यंबकजींवर ठेवला, कारण पेशव्याला आरोपी केले तर युद्ध अटळ होते आणि १८१५ मध्ये कंपनीला ते नको होते. शिवाय बडोद्याकडचे धागेही होते. शास्त्र्यांचे वैरी त्यांच्याच दरबारात होते. पदावरून गेलेल्या सीताराम रावजीचा पक्ष होता, आणि त्या पक्षाची म्हणून ओळखली जाणारी गोविंदराव बंडोजी व भगवंतराव गायकवाड ही माणसे त्या काळात पेशव्यांच्या आसऱ्याला होती. त्यांनाही ताब्यात द्या, अशी मागणी खुद्द रेसिडेंटाने केली होती. परंतु तहाच्या कलमात शिरताना हे सगळे गळाले. अनेक पात्रांच्या गुंतागुंतीच्या नाटकातून एकच खलपुरुष तेवढा उरला.

आता वाचकांकडे. बोदवड आणि मुक्ताईनगर-भुसावळकडच्या काही वाचकांशी या प्रकरणावर गेली काही वर्षे मी बोलत आलो आहे. निमित्त बहुधा ना. सं. इनामदारांच्या ‘झेप’चे. १९६३ साली आलेल्या या कादंबरीने त्र्यंबकजींना नायकपद दिले आणि इंग्रजी बखरीतला खलपुरुष मराठी घरांत स्वामिनिष्ठ, करारी माणूस म्हणून आणून बसवला. पुढे ‘मंत्रावेगळा’त इनामदारांनी दुसऱ्या बाजीरावालाही असाच हात दिला. सार्वजनिक वाचनालयांतून ‘झेप’ची प्रत हातोहात फिरत राहिली, आमच्याकडच्या एका प्रतीची बांधणी किती वेळा नव्याने केली आहे ते तिच्या पाठीवरच्या कापडावरून कळते. वाचकांपैकी बहुतेकांना शास्त्र्यांचा खून ठाऊक झाला तो या कादंबरीमुळे. इतिहास त्यांनी नंतर वाचला, किंवा वाचलाच नाही.

त्यामुळे आढळणारे पहिले मत ठाम असते: त्र्यंबकजी निर्दोष. कारण विचारले की इंग्रज आले. इंग्रजांनी ज्याला गुन्हेगार ठरवले तो गुन्हेगार नसणारच, असा हा युक्तिवाद. त्याची भावनिक ताकद मी नाकारीत नाही, पण तो तहनाम्याच्या कलमाइतकाच पुराव्याविना आहे. तिथे कंपनीच्या सोयीने दोषी ठरवले, इथे राष्ट्राभिमानाच्या सोयीने सोडून दिले. एका निवृत्त शिक्षकांनी मला सांगितले की ‘झेप’ वाचल्यावर त्यांना ग्रँट डफ वाचवेना. हे वाक्य मला फार बोलके वाटले. एका संहितेने दुसरीसाठी वाचकच शिल्लक ठेवला नाही. जोसेफिन टे या लेखिकेने १९५१ च्या एका इंग्रजी कादंबरीत तिसऱ्या रिचर्डवरचा पुतण्यांच्या खुनाचा आरोप पुन्हा तपासून त्याला निर्दोष ठरवले, आणि असंख्य वाचक तेव्हापासून इतिहासकारांना खोटे मानू लागले. कादंबरीला हे जमते, कारण ती आरोपीशी आपली ओळख गुन्ह्याच्या आधी करून देते. इतिहास बहुधा प्रेतापासून सुरू होतो.

भुसावळला वकिली करणाऱ्या एका वाचकाचे मत याच्या उलट दिशेने जाते, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. ते म्हणाले, त्र्यंबकजी निर्दोष आहेत असे मी म्हणणार नाही, त्यांच्यावर दोष शाबीत झालेला नाही एवढेच म्हणेन. निमंत्रणाचा आग्रह, प्रसंगाची जागा, आणि खुनानंतर पंढरपुरातच मुक्काम असलेल्या पेशव्याच्या सरकारने तपास न करणे ही सगळी परिस्थितिजन्य साखळी आहे. साखळी बळकट आहे, पण तिच्यात मारेकरीच नाहीत. ज्यांनी वार केले त्यांतल्या एकाचीही जबानी नाही. यावर मी त्यांना कॉलिंगवुडची आठवण दिली. ‘इतिहासाची कल्पना’ या १९४६ च्या ग्रंथात त्याने एका काल्पनिक खुनाची गोष्ट रचून इतिहासकार आणि गुप्तहेर यांची तुलना केली आहे आणि एक मार्मिक भेद सांगितला आहे: न्यायालयाला ठरावीक मुदतीत निकाल द्यावाच लागतो, इतिहासकारावर ते बंधन नसते. वकीलसाहेब हसून म्हणाले, मग तुमचे बरे आहे, तारीख पडतच राहणार. पण त्यात खरे शहाणपण आहे. कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९९१ मध्ये न्यायाधीश आणि इतिहासकार यांच्या कामाची तुलना करताना म्हटले होते ते साधारण असे की संदर्भावरून शक्यता भरून काढण्याची मुभा इतिहासकाराला आहे, न्यायाधीशाने तीच गोष्ट केली तर तो अन्याय होतो. पुणे तहात इतिहासकाराला चालणारे अनुमान न्यायाधीशाच्या शिक्क्याने वापरले गेले. माझे स्वतःचे मत विचाराल तर त्र्यंबकजींना कटाची माहिती होती असे मानण्याकडे माझा कल आहे. तरी ‘खुनी त्र्यंबकजी’ असे बेधडक लिहिणारी क्रमिक पुस्तके आणि ‘हुतात्मा त्र्यंबकजी’ असे लिहिणारी गौरवपत्रे यांत पुराव्याच्या शिस्तीच्या दृष्टीने मला फरक दिसत नाही.

एका बाईंचे मत मात्र मला अगदी अनपेक्षित होते. मुक्ताईनगरहून आषाढीला मुक्ताबाईंची पालखी निघते, तिच्याबरोबर त्या पंढरपूरला चालत गेलेल्या आहेत. त्र्यंबकजी दोषी की निर्दोष यात त्यांना रस नव्हता. आषाढीच्या यात्रेत देवळाबाहेर माणूस तोडला जातो आणि एवढ्या गर्दीत कोणालाच काही दिसत नाही, हे त्यांना पटेना. दिसले असणार, त्या म्हणाल्या, कोणी विचारले नसेल. या एका वाक्याने मी इंग्रजी पत्रव्यवहार पुन्हा काढून बसलो. तिथे सगळी हकिकत शास्त्र्यांच्या परिवाराकडून आणि दरबारी बातमीदारांकडून आलेली आहे. वारकरी त्यात नाही, बडवा नाही, फुले-बुक्का विकणारा नाही. ब्राह्मणाचा, वकिलाचा आणि क्षेत्राच्या ठिकाणी, यात्रेत झालेला खून म्हणून देशभर हळहळ झाली असे या कागदांतून वारंवार येते. लोकमताचा हवाला ही तर आरोपाची एक मुख्य बाजूच होती. पण लोकमत हवे होते, लोक नको होते. लोकांच्या नावाने वाचन झाले आणि प्रत्यक्ष पाहणारे वाचनाबाहेर राहिले.

तितकेच बाहेर राहिले ते स्वतः गंगाधरशास्त्री. मराठी वाचकाला शास्त्री आठवतात ते प्रेत म्हणून. खरे तर हे विलक्षण पात्र आहे. संस्कृतचा व्युत्पन्न पंडित, रेसिडेंट वॉकरच्या पदरी राहून बडोद्याचा कारभार हाती घेतलेला, आणि एल्फिन्स्टनच्याच एका पत्रातील वर्णनावरून पाहता साहेबी चालीचा भोक्ता: भरभर चालणारा, भरभर बोलणारा, मध्येच तोडणारा, पेशव्याला आणि त्याच्या मंत्र्यांना म्हाताऱ्या मूर्खांत काढणारा, बोलण्यात इंग्रजी शब्द पेरणारा. हे वर्णन लिहिणाऱ्याला त्यात गंमत वाटली आहे. मला त्यात अव्वल इंग्रजीतल्या आपल्या सुशिक्षिताची पहिली छाया दिसते, एल्फिन्स्टनच्या नावाची शाळा-कॉलेजे निघण्याच्या किती तरी आधीची. बाजीरावाने आपल्या मेहुणीचा विवाह शास्त्र्यांच्या मुलाशी ठरवला, नाशिकला तयारी झाली आणि शास्त्र्यांनी ऐनवेळी माघार घेतली. घरातल्या बायकांना पेशव्यांच्या वाड्यात पाठवायला ते तयार नव्हते. त्या वाड्याची कीर्ती पाहता कारण सांगावे लागत नाही. पण अशा नकाराची किंमत काय हे त्यांना कळले नसेल का? एका बाजूला कंपनीची हमी, दुसऱ्या बाजूला दुखावलेला पेशवा, पाठीमागे बडोद्याचे वैरी: यातून उभा राहणारा माणूस कादंबरीला पुरून उरेल. पण ‘झेप’इतकी वाचली गेलेली शास्त्र्यांची कादंबरी मराठीत झाली नाही. देशभक्तीच्या कथेत इंग्रजांच्या आश्रिताला जागा नव्हती आणि इंग्रजांच्या कथेत त्याचे काम मरण्यापुरते होते. नायकाला निर्दोष ठरवणारा वाचक बहुधा मेलेल्याविषयी काही विचारत नाही. तसे विचारले एका एम.ए.च्या विद्यार्थिनीने: शास्त्र्यांच्या पत्नीचे पुढे काय झाले? वाड्यात जायचे नाही हा निर्णय तिचा होता की नवऱ्याचा? कथानक जिच्या मानापमानावर वळण घेते तिला ना इंग्रजी कागदांत आवाज आहे ना मराठी कथनात.

ठाण्याच्या सुटकेकडे साहित्याच्या अंगाने पाहिले पाहिजे, कारण तिथे वाचनाचाच प्रश्न अक्षरशः उभा राहतो. कैद्याला फितुरी करता येऊ नये म्हणून पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा ठेवला होता. त्यांना मराठी येत नव्हते. एका साहेबाचा मराठी मोतद्दार कैद्याच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणे म्हणत असे, आणि पळून जाण्याचा बेत त्या गाण्यात होता. पहारेकऱ्यांनी ते रोज ऐकले. सप्टेंबर १८१६ मध्ये पावसाळी रात्री भिंतीला पाडलेल्या भोकातून त्र्यंबकजी निघून गेले. ही हकिकत बिशप हेबरच्या १८२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात येते आणि गाण्याचे एक इंग्रजी पद्यरूपही त्याने दिले आहे. मूळ मराठी गाणे उरले नाही. ज्या भाषेत ते पहारेकऱ्याला कळले नाही त्या भाषेतून ते नाहीसे झाले आणि पहारेकऱ्यांच्या भाषेत तेवढे टिकले. आपल्या वाङ्मयेतिहासात या एका ओळखीवर कोणी थांबलेले नाही याचे मला आश्चर्य वाटते. गाणे खरे की पुढे रचलेले हा वेगळा प्रश्न. हेबरचे पद्य वाचताना बॅलडच्या इंग्रजी वळणाचा वास येतो, हेही नमूद करायला हवे.

सुटल्यानंतरचा त्र्यंबकजी हा आमच्या मुलखाचा विषय. संगमनेर-नाशिकच्या डोंगरांतून, महादेवाच्या डोंगरांतून आणि खानदेशातून त्यांनी माणसे जमवली. त्यांच्या नातलगांनी खानदेशात स्वार उभे केले आणि १८१७ मध्ये निजामाच्या सुधारलेल्या रिसाल्याने ते मोडले. भिल्लांच्या आश्रयाचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक पुस्तकात येतो. १८१८ मध्ये ब्रिग्जला बातमी लागली आणि कॅप्टन स्वॅन्स्टनने निफाडजवळच्या अहिरगावी गवताच्या गंजीखाली लपलेल्या त्र्यंबकजींना पकडले. इथवर कथा सगळ्यांना आवडते. मात्र रावेर तालुक्यातल्या एका तडवी वाचकाने ‘झेप’ परत करताना विचारले की आसरा देणाऱ्या भिल्लांचे पुढे काय झाले, ते पुस्तकांत कुठे आहे? तो विचारीत होता ते योग्यच होते. १८०३-०४ च्या दुष्काळाने आणि होळकर-पेंढाऱ्यांच्या धाडींनी उजाड झालेल्या या प्रांतात भिल्ल आधीच डोंगरांत ढकलले गेले होते. एका कारभाऱ्याच्या फरारीपणाने त्यांच्यावरच्या मोहिमांना आणखी एक निमित्त मिळाले. ब्रिग्जच्या काळातल्या त्या मोहिमा, त्यांतली फाशीची आणि माफीची आलटून-पालटून चाललेली धोरणे, आणि अखेर १८२५ मध्ये धरणगावी आउट्रमने उभारलेले भिल्ल पथक, हे सगळे १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये सापडते. शास्त्र्यांच्या खुनाच्या पुस्तकात ते कोणी वाचत नाही, कारण ते ‘प्रशासन’ या सदरात गेले आहे. एका ब्राह्मण मुत्सद्द्याच्या खुनाला तहाचे पहिले कलम मिळाले, आणि त्या कलमाच्या अंमलबजावणीत जे मेले त्यांचे आकडे जिल्ह्याच्या अहवालात.

हेबर १८२४ मध्ये चुनारला गेला तेव्हा त्याने त्र्यंबकजींना पाहिले. पहारा कडक होता, देशी आणि गोरा दोन्ही. नोकर बाहेर पडताना त्यांची झडती होई. दोन मोठ्या हवेशीर खोल्या होत्या, पूजेची जागा होती, पिंपळाच्या सावलीत छोटी बाग होती आणि तीत कैद्याने तेरड्यासारखी फुलझाडे हौसेने लावली होती. हेबरला बाग आवडली. कैद्याच्या गुन्ह्याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती. त्याने तो विषय आधीच वाचलेला होता. त्र्यंबकजींच्या मनात एल्फिन्स्टनविषयी द्वेष धगधगत होता, हे मात्र त्याने नोंदवले आहे. खुनाविषयी कैद्याला काही विचारल्याची नोंद त्याच्या पुस्तकात नाही.